दोन पाकिटांमधले नऊ दिवस: गर्भनिरोधक गोळी पहिल्यांदाच सुरू करणाऱ्या स्त्रीचे प्रकरण

(या प्रकरणातले तपशील शिकवण्याच्या सोयीसाठी एकत्र बांधलेले आहेत. ते कोणा एका व्यक्तीचे नाहीत.)

वय २६, लग्नाला आठ महिने. दोन वर्षे तरी मूल नको, यावर दोघांचे एकमत. आतापर्यंत कंडोम वापरत होते, पण दर वेळी लक्षात ठेवणे दोघांनाही जड जाऊ लागले होते. पाळी २८ ते ३१ दिवसांनी येते, पाच दिवस चालते, पहिले दोन दिवस ओटीपोट चांगलेच दुखते. उंची १५६ सेंटिमीटर, वजन ५४ किलो. तंबाखू, सिगारेट नाही. महिन्यातून एक-दोनदा डोके दुखते. "गोळ्या सुरू करायच्या आहेत," एवढेच म्हणत ती आली, तो पाळीचा एकोणिसावा दिवस होता.

गोळी लिहून देण्याआधी विचारायच्या गोष्टी फार नाहीत, पण त्यातल्या दोन गोष्टी घाईत हमखास चुकतात: रक्तदाब आणि डोकेदुखी.

रक्तदाब पहिल्यांदा १४२/९० आला. जिना चढून ती थेट खुर्चीवर बसली होती, बोलत होती आणि पट्टा बाहीवरूनच बांधला होता. १४०/९० च्या वर रक्तदाब असेल तर या नेहमीच्या गोळीसारखी, इस्ट्रोजेन हे हार्मोन असलेली गोळी शक्यतो देत नाहीत आणि १६०/१०० च्या वर देतच नाहीत. म्हणजे हा एक आकडा खरा धरला असता तर तिला दुसऱ्या साधनाकडे वळवावे लागले असते. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसवले. बाही वर केली आणि हात छातीच्या पातळीवर ठेवून पुन्हा मोजले, तर १२२/७८. दुसरा आकडा नोंदवला, आणि पहिला का सोडला तेही लिहून ठेवले.

डोकेदुखीसाठी "अर्धशिशी आहे का?" हा प्रश्न पुरत नाही, कारण होय किंवा नाही, दोन्ही उत्तरांतून काहीच ठरत नाही. तिचे डोके एका बाजूला ठणकते, मळमळते, उजेड नकोसा होतो. ही अर्धशिशीच. पण गोळी द्यायची की नाही हे ठरवणारा प्रश्न दुखण्याच्या आधीचा आहे: "डोके दुखायला लागण्यापूर्वी डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेघा येतात का? नजरेत मध्येच रिकामा ठिपका पडून तो वाढत जातो का? हाताच्या बोटांतून मुंग्या निघून हळूहळू तोंडापर्यंत चढतात का?" अशी पूर्वसूचना पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकते आणि मग डोके दुखू लागते. हिला इंग्रजीतूनच आलेला 'ऑरा' हा शब्द वापरतात. ऑरा असलेल्या अर्धशिशीत पक्षाघाताचा धोका मुळातच वाढलेला असतो. त्यात इस्ट्रोजेनची भर नको, म्हणून तिथे ही गोळी कोणत्याही वयात देत नाहीत. हिचे उत्तर होते, "तसे काही नाही, पण डोके दुखत असताना उजेड सहन होत नाही." उजेड सहन न होणे म्हणजे ऑरा नव्हे. ऑरा नसलेली अर्धशिशी आणि वय ३५ च्या आत, तेव्हा गोळी चालते; मात्र डोकेदुखीवर नजर ठेवायची.

बोलता बोलता निघाले की वर्षापूर्वी याच डोकेदुखीसाठी तिने तीन महिने टोपिरामेट घेतले होते. ते बंद होऊन बराच काळ लोटला होता, म्हणून अडचण आली नाही. चालू असते तर विचार करावा लागला असता. टोपिरामेट, अपस्मारावरची (फिट येण्यावरची) फेनिटोइन आणि कार्बामाझेपिन, क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन ही औषधे यकृताला हार्मोन लवकर मोडायला लावतात आणि गोळी घेऊनही संरक्षण कमी पडते. ती थांबवल्यावरही हा परिणाम साधारण चार आठवडे राहतो. घसा दुखतो म्हणून दिलेल्या नेहमीच्या अँटिबायोटिकने असे होत नाही. तरीही "अँटिबायोटिक चालू आहे, गोळी थांबवू का?" हे अजून विचारले जाते.

बाकीचे प्रश्न पटकन झाले. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ तिला कधी झाली नव्हती, आई-वडील-भावंडांत कोणाला कमी वयात झाली नव्हती. स्तनाचा कर्करोग, यकृताचा आजार, हृदयविकार नाही. अलीकडे बाळंतपण नाही, मोठी शस्त्रक्रिया ठरलेली नाही. आतून तपासणी केली नाही, ती या गोळीसाठी लागतही नाही. तपासणीच्या भीतीने गोळी टाळणाऱ्यांना हे आधीच सांगितलेले बरे.

रक्ताच्या गाठीबद्दल मात्र आकड्यांत बोलणे झाले. गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या दहा हजार स्त्रियांत वर्षभरात सुमारे दोघींना अशी गाठ होते. गोळीत इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टोजेन हे दुसरे हार्मोन असते आणि त्याचे प्रकार अनेक. त्यांपैकी लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली गोळी घेणाऱ्यांत पाच ते सात, ड्रोस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेल असलेल्या गोळीत नऊ ते बारा. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत धोका याहून जास्त असतो. पहिल्यांदा गोळी घेणारीला लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी देण्यामागे हेच कारण आहे. धोका पहिल्या वर्षात सर्वांत जास्त, आणि महिनाभर खंड पडून पुन्हा सुरू केली तर तो परत वर जातो. म्हणून "जरा थांबून शरीराला विश्रांती देऊ" या सल्ल्यात फायदा काहीच नाही, थोडे नुकसानच आहे.

तिला दिलेले पाकीट २८ गोळ्यांचे होते. २१ पांढऱ्या गोळ्या, प्रत्येकीत एथिनिल इस्ट्राडिओल (हे इस्ट्रोजेन) ३० मायक्रोग्रॅम आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल १५० मायक्रोग्रॅम. शेवटच्या ओळीत सात तपकिरी गोळ्या, त्यांत फक्त लोह. (रंग पाकिटागणिक बदलतात. हार्मोनची गोळी कोणती, हे आतला कागद पाहूनच ठरवायचे.) पाकीट तिच्या हातात देऊन, "पहिली कुठून काढाल?" असे विचारले. तिचे बोट तपकिरी ओळीवर गेले, कारण पाकीट उलटे धरले होते आणि ती ओळ वर आली होती. असे होते. 'सुरुवात' लिहिलेल्या जागी पेनाने गोल केला, बाणाची दिशा दाखवली. तपकिरी गोळ्यांपासून सुरुवात झाली तर पहिले सात दिवस पोटात लोहाशिवाय काहीच जात नाही, आणि स्त्रीला मात्र आपण सुरक्षित आहोत असे वाटत राहते.

सुरू कधी करायची? रस्ते दोन. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तर पहिल्या गोळीपासूनच संरक्षण मिळते, जोडीला काही लागत नाही. नाहीतर त्याच दिवशी, म्हणजे एकोणिसाव्या दिवशीसुद्धा, सुरू करता आली असती. दिवस राहिलेले नाहीत याची वाजवी खात्री मात्र हवी, आणि पुढचे सात दिवस कंडोम. सात दिवस का? बीजकोशाचे काम पूर्ण शांत व्हायला सलग सात हार्मोनच्या गोळ्या लागतात. हा सातचा आकडा या प्रकरणात पुन्हा येणार आहे.

सहसा त्याच दिवशी सुरू करणे चांगले. पाळीची वाट पाहायला सांगितलेल्या बऱ्याच जणी परत येत नाहीत, काही त्या मधल्या आठवड्यांतच गरोदर राहतात. हिचा कंडोमचा वापर नियमित होता आणि पाळीपासून सुरुवात केली तर हिशेब सोपा जाईल असे तिला वाटले. तिचे म्हणणे मान्य केले. पाळीच्या दुसऱ्या दिवशी, रात्री साडेनऊला, दात घासल्यावर तिने पहिली गोळी घेतली. वेळ कोणतीही चालते, पण रोज हमखास होणाऱ्या एखाद्या कामाला गोळी बांधून टाकली की ती कमी चुकते.

पहिले पाकीट

पाचव्या गोळीपर्यंत सकाळी मळमळ आणि स्तन हुळहुळे. मळमळीसाठी जेवणानंतर लगेच गोळी घ्यायला सांगितले. नवव्या दिवशी डाग पडू लागले. तिला वाटले पाळी आली, आता पाकीट थांबवायचे. नशिबाने आधी विचारले. पहिल्या तीन महिन्यांत असे मधले डाग सर्रास पडतात: गर्भाशयाचे अस्तर गोळीमुळे पातळ होते आणि नव्या हार्मोनशी जुळेपर्यंत थोडे थोडे सुटते. त्यामुळे संरक्षण कमी होत नाही. ते कमी होते डागांना घाबरून गोळी सोडल्याने. डाग पाच दिवसांनी आपोआप थांबले.

तेराव्या रात्री गोळी राहिली. सकाळी साडेदहाला आठवण झाली, म्हणजे तेरा तासांचा उशीर. आठवताच ती गोळी, आणि रात्री साडेनऊला त्या दिवशीची. एका दिवसात दोन झाल्या, चालते. उशीर ४८ तासांच्या आत असेल तर एवढेच करायचे, कंडोम लागत नाही. गोळी घेऊन तीन तासांच्या आत उलटी झाली तर मात्र ती घेतलीच नाही असे धरून दुसरी घ्यायची.

इथपर्यंत सगळे पुस्तकात लिहिल्यासारखे चालले होते, आणि समुपदेशनाचा बराच वेळही या असल्याच प्रश्नांवर खर्च झाला होता. चूक झाली ती जिथे कोणी पाहत नव्हते तिथे, दोन पाकिटांच्या सांध्यावर.

एकतिसावा दिवस

दिवस मोजायचे ते पहिल्या गोळीपासून. एकविसाव्या रात्री शेवटची पांढरी गोळी झाली. बाविसाव्या दिवसापासून तपकिरी सुरू. पाचवी तपकिरी, म्हणजे सव्विसावी गोळी घेतली त्याच रात्री उशिरा अंगावर जायला लागले. तिने ठरवले की पाळी आली, पाकीट संपले, आणि उरलेल्या दोन तपकिरी गोळ्या तशाच ठेवल्या. रक्तस्राव तीन दिवसांत उरकला, नेहमीपेक्षा कमी. गोळीवर असे होतेच.

नवे पाकीट एकोणतिसाव्या दिवशी सुरू व्हायचे होते. ते तिने एकतिसाव्या दिवसासाठी राखून ठेवले, कारण जाऊबाईंनी सांगितले होते, "गोळी नेहमी पाळीच्या पाचव्या दिवशी सुरू करायची." रक्तस्राव रात्री सुरू झाल्यामुळे सत्ताविसावा दिवस तिने पहिला धरला होता. एकोणतिसाव्या आणि तिसाव्या रात्री कंडोमशिवाय संबंध आले. एकतिसाव्या सकाळी पाकीट उघडताना शंका आली, म्हणून तिने विचारले.

जाऊबाईंना दोष देण्यात अर्थ नाही. १९६० साली अमेरिकेत मंजुरी मिळालेली पहिली गोळी पाळीच्या पाचव्या दिवसापासून वीस दिवस घ्यायची होती आणि 'पाचवा दिवस' हा मंत्र तेव्हापासून घरोघर फिरतो आहे. त्या गोळीत प्रोजेस्टोजेन जवळजवळ दहा मिलिग्रॅम आणि इस्ट्रोजेन १५० मायक्रोग्रॅम असे. आजच्या गोळीतले हार्मोन त्याच्या मानाने कितीतरी कमी आहेत, त्यामुळे उशीर पोटात घालण्याची तिची ताकदही तेवढीच कमी. शिवाय दिलेल्या सल्ल्यातच एक फट होती. 'पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू करा' हे फक्त पहिल्या पाकिटासाठी होते, पण 'फक्त पहिल्या' हे शब्द कोणी मोठ्याने उच्चारलेच नव्हते.

आता शरीरात काय घडते ते पाहू. हार्मोनची गोळी थांबताच मेंदूकडून बीजकोशाला पुन्हा इशारे जाऊ लागतात आणि एखादी बीजपुटिका (जिच्यात बीज वाढते ती छोटी पिशवी) वाढायला लागते. काही स्त्रियांत सातव्या दिवसापर्यंत ती दहा मिलिमीटरच्या पुढे गेलेली असते. आठव्या दिवशी नव्या पाकिटातली गोळी पोटात गेली की वाढ तिथेच रोखली जाते. सात दिवसांची सुटी ही त्या अर्थाने काठावरची सुटी आहे, त्यात शिल्लक नाही. पाकिटाच्या मधोमध एक गोळी चुकली तर आधीच्या सलग गोळ्यांचा आधार असतो. सांध्यावर चुकलेली गोळी सुटीच लांबवते. हिच्या बाबतीत बाविसाव्या ते तिसाव्या दिवसापर्यंत पूर्ण नऊ दिवस हार्मोनशिवाय गेले आणि त्यातल्या शेवटच्या दोन रात्री संबंध आले होते.

म्हणून त्याच सकाळी चार गोष्टी ठरल्या. पहिली, आपत्कालीन गर्भनिरोधन. पर्याय तीन होते. तांब्याची कॉपर-टी पाच दिवसांच्या आत बसवली तर सर्वांत खात्रीची, पण तिला ती नको होती. युलिप्रिस्टल ३० मिलिग्रॅम पाच दिवसांपर्यंत चालते. अडचण अशी की ते घेतल्यावर नेहमीची गोळी पाच दिवस थांबवावी लागते, म्हणजे खंड आणखी लांबतो. लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एक गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची. हिला पहिल्या संबंधाला ३६ तास झाले होते. वजन ७० किलोच्या वर असेल तर तिचा भरवसा कमी होतो, हिचा तो प्रश्न नव्हता. शिवाय नेहमीची गोळी त्याच दिवशी सुरू करता येते. म्हणून हीच निवडली. दुसरी, नव्या पाकिटातली पहिली पांढरी गोळी तेव्हाच, पुढची रात्री साडेनऊला, आणि मग रोज. तिसरी, सात दिवस कंडोम. चौथी, शेवटच्या संबंधानंतर २१ दिवसांनी लघवीची गरोदर चाचणी, रक्तस्राव आला तरीही. गोळीवरचा रक्तस्राव ही खरी पाळी नव्हे. हार्मोन थांबल्यामुळे अस्तर सुटते इतकेच, आणि त्यावरून दिवस राहिले नाहीत असे खात्रीने म्हणता येत नाही.

दोन गोळ्या चुकल्याची हीच घटना तिसऱ्या पांढऱ्या ओळीत, म्हणजे पंधरा ते एकवीस या गोळ्यांत, घडली असती तर उत्तर वेगळे असते. आठवताच एक गोळी घ्यायची, सात दिवस कंडोम, आणि पांढऱ्या गोळ्या संपताच तपकिरी टाकून देऊन थेट नवे पाकीट. सुटीच घेतली नाही तर ती लांबण्याचा प्रश्नच उरत नाही.

चाचणी एक्कावन्नाव्या दिवशी केली, एकच रेघ आली. तिसऱ्या पाकिटापासून तिला एकच वाक्य दिले: रक्त कधी येते, कधी थांबते, येते की नाही, याच्याशी गोळीचा संबंध नाही, अठ्ठाविसावी गोळी आज झाली तर उद्या नवे पाकीट. पाकीट उघडतानाच पुढच्या पाकिटाची तारीख त्याच्या पाठीवर पेनाने लिहायची, आणि पुढचे पाकीट आधीच घरात हवे. सांध्यावरचे कितीतरी उशीर पाचव्या दिवसामुळे नव्हे, तर पाकीट आणायचे राहिल्यामुळे होतात.

तीन महिन्यांनी

रक्तदाब ११८/७६, वजन अर्धा किलोने वर, पोटदुखी निम्म्यावर, मधले डाग बंद. डोकेदुखीची वही मात्र नीट वाचण्यासारखी होती. पूर्वी कधीही येणारी डोकेदुखी आता तिन्ही पाकिटांत दुसऱ्या-तिसऱ्या तपकिरी गोळीलाच आली होती, बाकी दिवस कोरे. ऑरा एकदाही नाही. ही इस्ट्रोजेन एकदम खाली आल्याने होणारी डोकेदुखी. सुटी जितक्या वेळा, तितक्या वेळा ती येणार.

इथे दोन्ही अडचणी एकाच जागी येऊन भेटल्या. डोकेही सुटीत दुखते आणि गर्भ राहण्याचा धोकाही सुटीच लांबल्याने. मग सुट्याच कमी केल्या: तीन पाकिटांतल्या ६३ पांढऱ्या गोळ्या सलग, मग चार दिवसांची सुटी, पाचव्या दिवशी पुढचे पाकीट, रक्तस्राव चालू असला तरी. तपकिरी गोळ्या टाकून द्यायच्या. रक्तस्रावच कमी होत असल्याने लोहाची तशी उणीव पडत नाही. दर महिन्याला रक्तस्राव व्हायलाच हवा असे वैद्यकीय कारण नाही, 'घाण आत साठते' ही समजूत खोटी आहे. गोळीवर अस्तर वाढतच नाही, साठणार काय? हे फक्त सगळ्या पांढऱ्या गोळ्यांत सारखीच मात्रा असलेल्या पाकिटाने करायचे. ओळीओळीने मात्रा बदलणाऱ्या पाकिटाने नाही.

सलग घेताना मध्ये डाग पडू शकतात. निदान २१ पांढऱ्या गोळ्या सलग झाल्या असतील आणि डाग तीन-चार दिवस थांबत नसतील, तर तिथेच चार दिवसांची सुटी घेऊन पुन्हा सुरू करायचे. एकविसाच्या आत नाही.

फक्त प्रोजेस्टोजेनच्या गोळीचाही विचार झाला होता. तीत इस्ट्रोजेन नाही, सुटी नाही, पण जुन्या प्रकारच्या गोळीला तीन तासांपेक्षा जास्त उशीर चालत नाही. तेरा तास विसरलेल्या स्त्रीसाठी ती आजच नको असे ठरले. डेसोजेस्ट्रेलवाल्या गोळीला बारा तासांची मुभा असते, ती पुढे गरज पडली तर.

घरी जाताना पाच लक्षणे तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतली: एका पोटरीत दुखणे व सूज, अचानक छातीत दुखणे किंवा दम लागणे, पोटात तीव्र कळ, नजर जाणे किंवा बोलणे अडखळणे, आणि पूर्वी कधी झाली नाही अशी डोकेदुखी. यातले काहीही झाले तर गोळी बंद आणि लगेच दवाखाना. खाली तिने स्वतःहून सहावी ओळ जोडली, 'डोके दुखण्याआधी नागमोडी रेघा दिसल्या तर त्याच दिवशी बंद', आणि शेजारी कंसात लिहिले, 'नुसता उजेड नको वाटला तर नाही.'